कोगनोळी ते सोनौली

स्वतःची गाडी घेऊन नेपाळला जायचं ठरलं की आधी शंभराच्या नोटा जमवायला लागायचं. आम्ही गेलो तेव्हा त्याहून मोठी भारतीय नोट तिकडे चालत नव्हती. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळ सरकारने दोनशे, पाचशे आणि दोन हजारांच्या नोटांवर बंदी घातलेली होती. निपाणीतल्या बँकेच्या कॅशियरने माझ्याकडे बघत विचारलं, "एवढ्या शंभराच्या? कुठं लग्नात उधळायच्या काय?" मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "न्हाई ओ, नेपाळला चाललोय. गाडी घेऊन." हे त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने सांगितलं. त्यात "सून चालवणार हाय" हेही घातलं.

माझं माहेर महाराष्ट्रातलं कागल आणि सासर कर्नाटकातलं निपाणी. मध्ये वीसेक किलोमीटर रस्ता, दूधगंगा नदी, कोगनोळीचा टोलनाका आणि दोन राज्यांची हद्द. लग्न झाल्यापासून मी ही हद्द इतक्यांदा ओलांडली आहे की आता ती दिसतही नाही. त्यामुळे देशाची हद्द म्हणजे काहीतरी भारी असणार, अशी माझी समजूत होती. तारेचं कुंपण, बंदुका, दुर्बिणी. वाघा बॉर्डरचे व्हिडिओ बघून सगळ्यांचीच होते तशी.

निपाणीहून नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज करत गोरखपूर गाठलं, त्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. रस्ते चांगले होते आणि चहा गोड होता. नवलाई सुरू झाली ती नौतनव्याच्या पुढे. रस्त्याच्या कडेला मालट्रकांची रांग लागली ती संपेचना. ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत चटई टाकून झोपलेले, कुणी स्टोव्हवर डाळ शिजवत बसलेला, दोन ट्रकांच्या आरशांना दोरी बांधून तिच्यावर लुंग्या वाळत घातलेल्या. त्यांचा मुक्काम तिथे चांगला मुरलेला दिसत होता. कोगनोळीलाही एके काळी अशीच रांग असायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले आणि नाक्यावरच्या चहावाल्यांचा धंदा बसला, हे आमच्याकडे आजही लोक सांगतात.

सोनौली हे गाव म्हणजे सगळा एक रस्ता. दोन्ही बाजूंना लॉज, पैसे बदलून देणारे, बॅगा विकणारे, आणि टोकाला कमान. कमानीखालून सायकलरिक्षा, मोटरसायकली, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका, शाळेचा गणवेश घातलेली पोरं असं सगळं एकदम जात-येत होतं. पायी जाणाऱ्याला सहसा कुणी हटकत नव्हतं. भारत आणि नेपाळमध्ये ३१ जुलै १९५० चा करार आहे, व्हिसा लागत नाही. ओळखीला मतदार कार्ड किंवा पासपोर्ट जवळ ठेवायचा, एवढंच. अडवतात ते गाडीला. माणूस कुठूनही आला तरी चालतो, पण गाडी कुठली, कुणाची, किती दिवस राहणार, हे लिहून द्यावं लागतं.

काच खाली करताच दोन-तीन दलाल चिकटले. "भन्सार करा दूँ, मॅडम?" भन्सार म्हणजे तिकडची कस्टम कचेरी. नवरा म्हणाला आपणच करू, आणि ते बरं झालं, कारण करण्यासारखं फार नव्हतंच. आधी आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने डिकी उघडायला लावली. डिकीत सगळ्यात वर सासूबाईंचा भडंगाचा डबा. "ये क्या है?" जवानाने विचारलं. सासूबाईंनी उत्तर म्हणून झाकणच काढलं. त्याने आत वाकून बघितलं, लसणीचा वास घेतला आणि हसून "जाइए माताजी" म्हणाला. घेतला मात्र नाही. सासूबाईंना ते पुढे लुंबिनीपर्यंत लागून राहिलं.

भन्सारच्या खिडकीवर आरसी, विमा, लायसन्स असे कागद दिले. गाडी नवऱ्याच्या नावावर, लायसन्स माझं. कारकुनाने दोन्ही कागद समोर धरले, नवऱ्याकडे पाहून "गाड़ी कौन चलाएगा?" विचारलं, नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. कारकून पुन्हा लायसन्सकडे, पुन्हा माझ्याकडे. मग काही न बोलता फॉर्म माझ्याच पुढे सरकवला. गाडीचा नंबर लिहिताना मी थांबले. इंग्रजीत की देवनागरीत? "जो आता है लिखिए," तो म्हणाला. मग मी 'के ए २३' असं मराठीतच लिहिलं.

निपाणीच्या वाचकांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. आमच्याकडे हौसेने मराठीत नंबर रंगवून घेणारी पोरं दरवर्षी निघतात, दरवर्षी दंड भरतात. नियम केंद्राचा आहे आणि तो स्पष्ट आहे: अक्षरं इंग्रजी, आकडे इंग्रजी. त्यामुळे आमच्या गाडीचा नंबर एखाद्या सरकारी कागदावर देवनागरीत पहिल्यांदा उमटला तो परदेशात. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरले, दुसऱ्या खिडकीवर यातायातचा, म्हणजे वाहतुकीचा, परवाना घेतला, तासाभरात मोकळे. उशीर झाला तर दंड, हेही तिथेच सांगितलं. संपलं.

दुसऱ्या कमानीतून गाडी बाहेर काढली. मागच्या सीटवर सासूबाई एकदम सरसावून बसल्या.

"अगं, हितं सगळं वाचता येतंय की!"

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी मोठ्याने वाचायलाच घेतलं. सिद्धार्थनगर नगरपालिका. कृषि विकास बैंक. नेपाल प्रहरी. औषधि पसल. "पसल म्हंजे दुकान असंल," असं स्वतःच ठरवून पुढची पाटी. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या लाल पाट्यांवर पांढऱ्या देवनागरी अक्षरांत नंबर होते, तेही वाचू लागल्या. लु एक च, पुढचे आकडे. वळणावर माझं लक्ष ट्रककडे आणि कानात हे वाचन. नवरा म्हणाला, "आई, जरा गप बस, तिला चालवू दे." त्या काही गप्प बसल्या नाहीत. भैरहवा संपून लुंबिनीचा फाटा आला तरी चालूच होतं.

सासूबाई निपाणीतच जन्मल्या, निपाणीतच नांदल्या. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात, छोट्या जाहिरातींसकट. पण बेळगावच्या बसस्टँडवर उभ्या राहिल्या की शेजारच्याला विचारतात, "ही कुठली ओ?" बसची पाटी कन्नडमध्ये. कन्नड त्यांना बाजारापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. मला येतं, कारण मुलांच्या पहिलीच्या पुस्तकावरून मी त्यांच्याबरोबर शिकले. मध्यंतरी एका सरकारी कचेरीत त्यांच्या नावाचा एक अर्ज होता. छापील कागद नुसता कन्नडमध्ये. मी बाहेर गाडी लावत होते. आत जाऊन बघते तर कुणा अनोळखी मुलाकडून त्यांनी तो भरून घेतलेला, आणि सही मात्र मराठीत ठसठशीत केलेली. काय लिहिलंय ते माहीत नसलेल्या कागदावर. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, मला वाटलं.

या विषयावर आमच्याकडे बोलायला लागलं की आवाज लगेच चढतो, म्हणून मी माझं मत सांगून मोकळी होते. कर्नाटकात पाटीवर कन्नड असावीच, वर असावी, मोठी असावी. खाली एक ओळ मराठीची असली तर कुणाचं काय जातं, एवढंच माझं म्हणणं. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे त्यांच्या भाषेत कागद द्यावेत हे धोरण काही आमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीने शोधलेलं नाही, सरकारी आहे. आणि हो, जत-अक्कलकोटकडच्या कानडी आजीला महाराष्ट्रातल्या कचेरीत हाच अनुभव येत असणार. तिच्या वतीने पेपरात कुणी लिहिताना मला तरी दिसत नाही.

लुंबिनीला मायादेवी मंदिर पाहिलं, अशोकस्तंभ पाहिला. बाकी गर्दीसारखा आम्हीही फोटो काढला. स्तंभावरच्या ब्राह्मी लेखाचा अर्थ बाजूच्या फलकावर दिला होता आणि तो वाचून मला हसू आलं. इथे बुद्ध जन्मले, म्हणून सम्राट स्वतः आला, त्याने पूजा केली, आणि लुंबिनी गावाचा कर माफ करून उत्पन्नाचा वाटा आठव्या भागावर आणला. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा दगड, आणि त्यावर शासनाची सवलत योजना! तीही त्या एका गावापुरती. शेजारच्या गावच्या लोकांनी तेव्हा काय म्हटलं असेल ते आम्हा सीमाभागातल्या माणसांना अगदी नेमकं सांगता येईल.

भारत-नेपाळची ही हद्द मुळात १८१६ च्या सुगौलीच्या तहाची. ईस्ट इंडिया कंपनीशी लढाई हरल्यावर नेपाळला ती मान्य करावी लागली. दोन्ही देशांच्या मध्ये जी मोकळी पट्टी सोडायची तिला तिकडे दशगजा म्हणतात आणि खुणेला खांब आहेत. म्हणजे सगळं ठरलेलं आहे म्हणावं तर तसंही नाही. कालापानी, लिपुलेख, लिंपियाधुरा हा भाग स्वतःच्या हद्दीत दाखवणारा नकाशा नेपाळने २०२० मध्ये काढला, आणि भारताने तो मानला नाही. दोनशे वर्षांनंतरही भांडण आहे. पण भांडण वरती डोंगरात, आणि खाली खिडकीवरचा कारकून फॉर्म घेतोय, पावती देतोय, पुढच्याला हाक मारतोय.

आमचं भांडण त्या मानाने पोरवयाचं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी, खानापूर हा पट्टा म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने ८१४ गावांवर हक्क सांगितला. १९६६ मध्ये महाजन आयोग बसला, १९६७ मध्ये त्याने २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकला द्यावीत असं सुचवलं, बेळगाव कर्नाटकातच ठेवलं. निपाणी त्या २६४ मध्ये होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २००४ मध्ये दावा सुप्रीम कोर्टात गेला. माझे सासरे होते तोवर १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला न चुकता जायचे. सकाळी काळी फीत लावून निघायचे, दुपारी येऊन जेवायचे आणि संध्याकाळी कन्नड मित्राकडे पत्ते खेळायला जायचे. यात त्यांना काही विसंगती वाटायची नाही, आणि त्या मित्रालाही नाही.

तर कोगनोळी. गाडी घेऊन तिथून जाताना काय होतं म्हणाल, तर काहीच होत नाही. कागल मागे पडतं, दूधगंगेचा पूल येतो, टोलनाक्यावर फास्टॅग टुणकन वाजतो, दांडा वर. पुलाच्या अलीकडे ऊस, पलीकडे ऊस, दोन्हीकडे बहुतेक ८६०३२ वाणाचाच. ट्रॅक्टरवाला दोन ट्रॉल्या जोडून त्याच गाण्याच्या त्याच आवाजात दोन्ही राज्यांतून जातो. अंतराच्या दगडावरची लिपी बदलते आणि पेट्रोल पंपावरची गर्दी बदलते. कर्नाटकात डिझेल बरीच वर्षं स्वस्त असायचं, त्या सवयीने एमएच ०९ च्या गाड्या निपाणीकडच्या पंपांवर रांग लावून उभ्या असतात. माझा भाऊ महिन्यातून एकदा आम्हाला "भेटायला" येतो तो टाकी रिकामी करून.

मात्र ही हद्द एरवी झोपलेली असते आणि कधीतरी अचानक उठून बसते. दोन्हीकडचं वातावरण तापलं की पहिल्यांदा बस थांबते. २०२५ च्या फेब्रुवारीतही थांबली. मग कागलपर्यंत एसटी आणि पुढे वडापची जीप, किंवा पिशव्या घेऊन पुलावरून चालत. २०२१ मध्ये तर महाराष्ट्रातून येणाऱ्याला आरटीपीसीआर निगेटिव्ह असल्याचा ७२ तासांच्या आतला रिपोर्ट लागायचा, लस घेतलेली असो वा नसो. त्या वर्षी मी गौरीला माहेरी गेले. जाताना कुणी विचारलं नाही. परत स्वतःच्या घरी यायला नाकात काडी घालून घेतली, रिपोर्टची वाट बघितली, तोवर गौरी विसर्जन होऊन गेल्या. कोगनोळीत पोलिसाने मोबाईलवरचा रिपोर्ट बघितला, केए २३ बघितलं आणि मराठीतच विचारलं, "माहेरास्नं आलाय व्हय?" आडरस्त्यांची माहिती दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना असतेच, पण आदल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये त्यांवर मातीचे ढिगारे टाकलेले, ते अजून काही ठिकाणी तसेच होते.

आणि गाडी सुटली तरी कागद सुटत नाहीत. सोनौलीला दिलेला फॉर्म परतीच्या वेळी निकाली निघाला. इथला कधी निघत नाही. माझा जातीचा दाखला महाराष्ट्राचा, तो निपाणीत कामाचा नाही. मुलांचा कर्नाटकचा, तो कागलात कामाचा नाही. थोरल्याच्या इंजिनिअरिंगची चौकशी करताना कळलं की महाराष्ट्रातल्या प्रवेशासाठी आमच्यासारख्यांचा एक वेगळा प्रकारच आहे: महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातले, मातृभाषा मराठी असलेले उमेदवार. सोय चांगली आहे, तक्रार नाही. पण पोराने फॉर्म वाचून विचारलं, "आई, आपण वादग्रस्त आहोत?" मी म्हटलं, "तू नाहीस, गाव आहे." त्याने ते मित्रांच्या ग्रुपवर टाकलं आणि आता घरात जो उशिरा उठेल त्याला वादग्रस्त म्हणतात.

हद्दीचा सगळ्यात बारीक हिशेब मात्र आमच्या दोन विहिणींना पाठ आहे. भाच्याच्या जावळाला कागलात दोघी एका सतरंजीवर बसल्या होत्या. माझ्या आईला लाडकी बहीणचे दीड हजार, सासूबाईंना गृहलक्ष्मीचे दोन हजार.

"आमच्याकडं दोन हजार," सासूबाई म्हणाल्या. "वर बस फुकट."

"आम्हास्नी अर्धं तिकीट हाय की," आई.

"अर्धं ते अर्धंच."

"आणि तुमचं फुकट ते कुठवर? कागलला येताना भरलाच असणार पैसा."

हे वर्मी लागलं, कारण खरं होतं. कर्नाटकच्या शक्ती योजनेत बाई राज्याच्या आत कुठेही फुकट फिरते, बेळगाव काय, बिदर काय. वीस किलोमीटरवरच्या विहिणीकडे जायचं तर नाही. आईची गत तीच: एसटीचं अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत, निपाणीला यायचं तर पुढचा टप्पा पूर्ण पैशांचा. सासूबाईंनी यावर तोडगा काढलेला आहे. निपाणीहून गावगाडीने कोगनोळीपर्यंत फुकट यायचं आणि पुढे ओळखीच्या कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून पूल पार करायचा. वाचतात किती, तर चहाचे पैसे. पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

त्याच सतरंजीवर नेपाळचा विषय निघाला. सासूबाईंनी पाट्यांचं सगळं सांगितलं, भडंग नाकारणाऱ्या जवानासकट. पसल म्हणजे काय हे आईला विचारून ती चुकेपर्यंत थांबल्या. आई बराच वेळ ऐकत होती, मग म्हणाली, "मला बी यायचं होतं पशुपतिनाथाला."

"मग चला की," सासूबाई लगेच म्हणाल्या. "हिला गाडी चालवायची हौसच हाय."

आईने माझ्याकडे बघून खरोखरची शंका विचारली. गाडी कर्नाटकची, तिचं मतदार कार्ड महाराष्ट्राचं, मग तिकडचा माणूस काही अडचण काढणार नाही ना? मी म्हटलं, तो फक्त किती दिवस राहणार ते विचारतो. तिला ते पटलेलं दिसलं नाही. वीस किलोमीटरला इतके कागद लागत असतील तर हजारो किलोमीटरला एवढेच कसे, असा तिचा चेहरा होता.

तोवर सासूबाईंनी महिना ठरवला होता, थंडी संपल्यावर पण ऊन तापायच्या आधी. निघायचं कुठून यावर दोघींचं थोडं वाजलं. आई म्हणाली, कागल वाटेवरच आहे, मग आदल्या रात्री सगळ्यांनी कागलातच मुक्कामाला यावं आणि पहाटे तिथून निघावं. सासूबाईंनी मान डोलावली. सतरंजीवरचं चुरमुऱ्याचं ताट माझ्याकडे सरकवत मला बजावलं, "मुक्काम करू की. डिझेल तेवढं आपल्याकडंच भरून घे."